वेवजीला न पोचलेला ढग

डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर आमचे कार्यालय आहे. इथे घरांचे, अंगणवाड्यांचे आणि पाण्याच्या टाक्यांचे नकाशे तयार होतात. कार्यालयाचे मालक स्थापत्य अभियंता आहेत. सगळे त्यांना सर म्हणतात. संगणकावर नकाशे काढण्याचे काम दोघीजणी करतात. काढलेले नकाशे तपासण्याचे काम एकाच व्यक्तीकडे आहे. ते रोज कैनाडहून येतात आणि त्यांना सगळे काका म्हणतात, सरसुद्धा.

मी पत्रव्यवहार, निविदा आणि अहवाल पाहते. त्याआधी अकरा वर्षे एका वर्तमानपत्रात उपसंपादक होते. दुसऱ्यांच्या मजकुरातल्या चुका लाल पेनाने दाखवायच्या, हे तिथले काम. काकांना हे कळले त्या दिवसापासून त्यांनी मला संपादकबाई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव चिकटले.

काकांकडे तीन पेन्सिली असत. लाल म्हणजे चूक, निळी म्हणजे शंका, हिरवी म्हणजे पाहिले, पुढे जाऊ द्या. पेन्सिल बोटभर उरली की ते ती पत्र्याच्या नळीत खोचत आणि आणखी दोन महिने वापरत. नकाशात बदल सुचवायचा तर त्या जागेभोवती फुग्याफुग्यांची रेघ ओढायची, असा या धंद्यात सगळीकडे रिवाज आहे. त्या रेघेला ढग म्हणतात. काकांचे ढग एकसारखे नसत. किरकोळ चुकीला बारीक, घट्ट फुगे. मोठ्या चुकीला मोठे आणि घाईचे. तपासलेला नकाशा परत आला की त्या दोघी आधी शेरा वाचत नसत, ढग पाहत. एक म्हणे, आज जोराचा आहे. मग दुसरी चहा पुढे ढकले. एकदा एका अंगणवाडीच्या नकाशात खांब बरोबर दाराच्या मधोमध आला होता. त्यावरच्या ढगाने कागद फाटला. तो कागद त्या दोघींनी अजून खणात ठेवला आहे.

अडचण अंतराची होती. पूर्वी बहुतेक कामे डहाणूच्या आसपास असत. आता निम्मी तलासरी तालुक्यात आहेत. तपासलेला कागद गुंडाळी करून त्या बाजूला जाणाऱ्या कोणाच्या तरी हाती दिला जाई. कधी सिमेंटच्या टेंपोवाल्याच्या, कधी एसटीच्या कंडक्टरच्या. तो दुसऱ्या दिवशी पोचे. मिस्त्री तोवर थांबत नाही, भिंत दोन फूट वर गेलेली असते. म्हणून सरांनी ठरवले की यापुढे नकाशे पीडीएफमध्ये बनतील, खुणा पीडीएफवरच होतील आणि थेट मिस्त्रीच्या फोनवर जातील. त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे, हे महिनाअखेरपर्यंत ठरवायचे काम त्यांनी माझ्याकडे दिले. कारण सांगितले ते असे, की मला लाल पेनाची सवय आहे.

आदेशाचा दुसरा भाग त्यांनी केबिनचे दार लावून सांगितला. निवडलेले सॉफ्टवेअर काकांना जमले नाही, तर तपासणीचे काम वापीच्या एका कार्यालयाला द्यायचे. काका सल्लागार म्हणून राहतील, वाटेल तेव्हा येतील.

केबिनची भिंत प्लायवूडची आहे. मी बाहेर आले तेव्हा काका ब्लेडने पेन्सिलीला टोक करत होते.

“सल्लागार म्हणजे चहाला यायचं,” ते म्हणाले. “चहा घरी पण मिळतो.”

काकांना आणखी दोन-तीन वर्षे काम करायचे होते. कारण त्यांनी कधी सरळ सांगितले नाही; बोलण्यातून जे हाती लागले ते इतकेच. घरी चिकूची बाग आणि थोडे भात आहे, ते मुलगा सांभाळतो, आणि चांगले सांभाळतो. काका बागेत गेले की मुलगा झाडाखाली खाट टाकून देतो आणि बाबा, तुम्ही बसा, म्हणतो. काकांना बसायचे नव्हते.

निवडीचे काम मी बातमीसारखे हाती घेतले. एकच नकाशा घ्यायचा, त्याची पीडीएफ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये बनवायची, त्यावर काकांनी तपासणी करायची, आणि प्रत्येकाला तेच प्रश्न विचारायचे. रेघांची जाडी नीट उतरते का. नकाशा मोठा करून पाहिला तर आकडे फुटतात का. पडद्यावर माप घेतले तर बरोबर येते का. इंटरनेट नसताना चालते का. मराठी शेरा लिहिता येतो का. शेवटचा प्रश्न काकांच्या सांगण्यावरून घातला: शिकवायला कोणी लागते का.

परीक्षेसाठी नकाशा निवडला तो वेवजीच्या एका शेतकरी जोडप्याच्या घराचा. त्यांचे जुने कुडाचे घर पाडून त्याच जागी विटांचे घर उभे राहत होते. पुढे ओटा, दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि मागे कोठीची खोली, म्हणजे भात साठवायची. काम चालू होते, तपासणी अजून व्हायची होती, नकाशा लहान होता. परीक्षेला सोयीचा.

चार सॉफ्टवेअर होती. ती नावाने कोणाच्या लक्षात राहिली नाहीत. कार्यालयात त्यांना नंबरच पडले.

एक नंबर फुकट होते. ते चटकन उघडे, पण नकाशाचे चित्र करून टाकी. जरा मोठे केले की तीन आणि आठ यांत फरक उरत नसे. मराठी शेऱ्यातली जोडाक्षरे सुटी पडत. काकांनी त्यावर दहा मिनिटे काम केले, निळ्या पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहिले आणि पुढचे आणा म्हणाले. वहीत लिहिले होते: याला पाहिले नाही असे समजा.

दोन नंबर सरांना आधीपासून आवडले होते. त्यात सगळे होते. खुणांची यादी बाजूला आपोआप तयार होई, कोणी कधी काय लिहिले ते तारखेसह दिसे, शिक्के मारता येत. ढगासाठी वेगळे बटण होते. बटण दाबून चौकोन ओढला की सारख्या मापाच्या फुग्यांचा ढग तयार. काकांनी चार ढग काढून पाहिले.

“सगळे एकाच कारखान्यातले,” ते म्हणाले.

त्या दोघींची अडचण खरी होती. आता कुठली चूक केवढी, हे ढगावरून कळणार नव्हते. त्यांच्यापैकी एकीने सुचवले की काकांनी शेऱ्यापुढे एक, दोन, तीन असे आकडे घालावेत. काकांनी विचारले, वीजमंडळाच्या तक्रारवहीसारखे का, आणि विषय तिथेच राहिला.

तरीही काकांनी दोन नंबरवर वेवजीचा नकाशा पूर्ण तपासला. माऊस त्यांच्या हातात बसत नव्हता, रेघ जिथे थांबायची तिथे थांबत नव्हती. पण एका दुपारी त्यांनी सहा खुणा केल्या. पाच किरकोळ. सहावी कोठीच्या खोलीच्या दारावर. नकाशात ते दार अडीच फुटांचे होते. काकांनी त्याभोवती ढग काढला आणि शेरा टाइप केला: दार साडेचार फूट करा, कणगी जाणार.

कणगी म्हणजे बांबूच्या पट्ट्यांचे विणलेले, शेणमातीने लिंपलेले, माणसाच्या उंचीचे पिंप. वर्षाचे भात त्यात राहते. शहरातून आलेले नकाशे कोठीच्या खोलीला मोरीइतके दार ठेवतात, कारण शहरात त्या खोलीतून गोणीपेक्षा मोठे काही जात नाही. काका प्रत्येक गावच्या घराच्या नकाशात हा प्रश्न विचारतात: कणगी कुठून जाणार? आमच्या कार्यालयात ही तपासणी दुसरे कोणी करत नाही. वापीला ती कोणी केली असती असे मला वाटत नाही.

काकांनी नकाशा जतन केला. दोघींपैकी एकीने तो मिस्त्रीच्या फोनवर पाठवला. मिस्त्रीने उत्तरादाखल अंगठा पाठवला. याचा अर्थ मिळाले, वाचले आणि तसेच करतो.

चार दिवसांनी मी फोन करून कोठीच्या दाराची चौकट किती ठेवली ते विचारले. मिस्त्री वेवजीचाच, त्याची मराठी अर्धी गुजरातीतून येते आणि बायकांना तो बेन म्हणतो. त्याने सांगितले की चौकट अडीच फुटांचीच बसली, कागदात तेवढीच आहे. ढग पाहिला नाही का, असे विचारल्यावर त्याने ढग कुठला, असे विचारले. पाचही किरकोळ खुणांची त्याला माहिती नव्हती.

हे सरांना कळले तेव्हा ते रागावले नाहीत, आणि तेच वाईट होते. ते फक्त म्हणाले की काकांकडून सेव्ह करायचे राहिले असेल, या वयात होते. मग त्यांनी वापीच्या कार्यालयाचा फोन नंबर माझ्याकडून मागून घेतला. काका आपल्या टेबलाशी बसले होते. त्यांनी सेव्ह केले होते की नाही याची त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती. तसे ते मला जिन्यात म्हणाले.

वर्तमानपत्रात एक गोष्ट शिकवली जाते. दोन माणसे वेगवेगळे सांगत असतील तर तिसऱ्याला विचारायचे नाही, जागेवर जायचे. मी आधी कार्यालयातली फाइल उघडली. सहाही खुणा तिथे होत्या, ढगासह. म्हणजे काकांनी सेव्ह केले होते. मग मिस्त्रीकडे काय गेले, हे त्याचा फोन पाहिल्याशिवाय कळणार नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्कूटर काढली. मागे काका बसले. पुरावा म्हणून त्यांनी ढग असलेल्या नकाशाची छापील प्रत घेतली होती. गुंडाळी त्यांनी सगळा रस्ता बंदुकीसारखी खांद्याला लावून धरली. तलासरीच्या नाक्यावर एका ओळखीच्या माणसाने शिकारीला निघालात का, असे विचारले. काकांनी हो म्हटले.

वेवजीला घर लिंटलपर्यंत, म्हणजे दारांवरच्या तुळईपर्यंत आले होते. मिस्त्री ओट्याच्या जागी विटांच्या ढिगावर बसून विडी ओढत होता. त्याने फोन दिला. नकाशा उघडला, स्वच्छ होता. एकही खूण नाही. काकांनी शेजारी छापील प्रत धरली आणि दोन्ही बराच वेळ पाहिले.

“माझ्याकडे ढग,” ते मिस्त्रीला म्हणाले, “तुझ्याकडे ऊन.”

मिस्त्रीने अंगठा पाठवला तो खोटा नव्हता. त्याने नकाशा उघडला होता, पाहिला होता, त्यात चूक दिसली नव्हती.

मग काकांनी जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. पूर्वी नकाशा ट्रेसिंगच्या कागदावर काढत. बदल सुचवायचा तर कधी कधी त्यावर दुसरा ट्रेसिंग ठेवून खूण करत. साइटवर खालची प्रत पाठवली आणि वरचा ट्रेसिंग टेबलावरच राहिला, असे एकदा काकांच्या हातून झाले होते, लग्नाआधी. हे तेच आहे, ते म्हणाले. खूण नकाशात नाही, नकाशावर ठेवलेल्या दुसऱ्या कागदावर आहे. आपल्या संगणकाला दोन्ही दिसतात. याच्या फोनला खालचाच दिसतो.

हे बरोबर होते. सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकाची चाळीस पाने वाचून माझ्या लक्षात न आलेली गोष्ट त्यांनी विटांच्या ढिगाशी उभे राहून सांगितली.

पण चौकट बसली होती आणि कणगीचे काय, हा प्रश्न तसाच होता. चौकट काढायची तर वरचे लिंटल उतरवावे लागणार, असे मिस्त्री सांगू लागला. काकांनी त्याला थांबवले आणि आधी कोठीची खोली पाहायला गेले. मी मागून गेले.

खोलीत कणगी उभी होती.

चारही बाजूंनी भिंती वर गेल्या होत्या. अडीच फुटांची चौकट पक्की बसली होती. आणि मधोमध, निळ्या ताडपत्रीखाली, साडेपाच फूट उंचीची, भाताने भरलेली कणगी होती. तिच्या बाजूला भिंतीचा गिलावा सुरूही झाला होता. खोली लहान, कणगीमागून माणूस आडवा होऊन जाई एवढीच वाट; गवंड्याला थापी फिरवायला ती पुरत नव्हती, म्हणून तिथे हातभर भिंत कोरी सोडली होती.

घरधनीण मागच्या दारातून आली. तिने सांगितलेला वृत्तांत असा. जुने घर पाडायचे ठरले तेव्हा भात कुठे ठेवायचे हा प्रश्न होता. शेजारी ठेवले तर उंदीर, बाहेर ठेवले तर ओल. नवीन घराची चुन्याची आखणी झाली तेव्हा तिने कोठीच्या दाराची जागा पावलांनी मोजली आणि हे दार लहान आहे हे तिला कळले. तिने ते मिस्त्रीला सांगितले. मिस्त्रीने कागदात असेच आहे म्हटले. तिने कागदाशी वाद घातला नाही. पाया भरला, जोते झाले, त्या दिवशी तिने पाड्यावरची सहा माणसे बोलावली, कणगी उचलून आखलेल्या खोलीच्या मध्यावर आणून ठेवली, तिच्यात भात भरले, आणि मिस्त्रीला म्हणाली, आता बांध.

मिस्त्रीने बांधले.

काकांनी कणगीभोवती एक फेरी मारली. मग त्यांनी तिला विचारले की घर बांधून होईल, पण पुढे ही बाहेर काढायची झाली तर काय करणार.

“भात बाहेर जातं,” ती म्हणाली. “कणगी कशाला जाईल?”

आणि जुनी झाल्यावर? जुनी झाली की आतच तोडून चुलीत घालायची आणि आतच नवी विणायची. विणणारा माणूस दारातून येतो. बांबूही येतो.

काका हसले. सरांचा आदेश प्लायवूडपलीकडून ऐकल्यापासून ते पहिल्यांदा हसले. त्यांनी छापील प्रत जोत्यावर पसरली, खिशातून लाल पेन्सिल काढली, स्वतःच्या ढगावर आडवी रेघ मारली आणि खाली सही केली. काकांनी आपला ढग रद्द केल्याचे त्या आधी कोणी पाहिले नव्हते. मिस्त्रीने त्याचा फोटो काढून घेतला.

परतताना तलासरीला चहा घेतला. काकांनी माझ्या वहीतल्या प्रश्नांच्या यादीत सातवा प्रश्न घातला आणि तो पहिल्या क्रमांकावर घ्यायला सांगितले: मिस्त्रीच्या फोनवर दिसते का.

त्यापुढचा आठवडा सोपा गेला. परीक्षक वेवजीचा मिस्त्री झाला. त्याचा फोन जुना, काच तडकलेली. त्यावर दिसले तर कुठेही दिसेल असे धरायचे ठरले. आम्ही नकाशा पाठवायचा, त्याने लाल आहे किंवा लाल नाय एवढेच कळवायचे. दोन नंबरवर लाल नाय. खुणा नकाशात मुरवून पाठवायची सोय त्यातही होती, पण चार खिडक्या आत होती आणि दर वेळी ती शोधावी लागे. एकदा विसरले की पुन्हा ऊन. तीन नंबर बांधकामवाल्यांसाठीच केलेले होते. मापे घ्यायला उत्तम, पण ते आमच्या एकाच संगणकावर चाले आणि तेही इंटरनेट असेल तेव्हा. सोमवारी वीज गेली, मंगळवारी इंटरनेट गेले. बुधवारी काकांनी विचारले की हे सॉफ्टवेअर आहे की पाहुणा.

चार नंबर लहान होते. दिसायला जुनाट, बटणे थोडी, किंमत एकदाच द्यायची. इंटरनेट लागत नसे. त्यात पाठवायची प्रत असे एकच बटण होते. ते दाबले की सगळ्या खुणा नकाशात मुरत आणि वेगळी फाइल तयार होई. मूळ फाइल कार्यालयात तशीच राही. मिस्त्रीचे उत्तर आले: लाल आहे.

राहिला प्रश्न हाताचा. माऊसने काकांच्या रेघा मुंग्यांच्या रांगेसारख्या येत. ते एकदा म्हणाले, याला पेन नाही का? पेन होते. नकाशे काढणाऱ्या दोघींपैकी एकीच्या भावाने चित्रे काढायला घेतलेली लिहायची पाटी घरात पडून होती. तिच्यावर संगणकाच्या पेनाने लिहिले की अक्षर पडद्यावर उमटे. चार नंबरला ती लगेच जोडता आली. पहिल्या दिवशी काकांनी लिहायला घेतले की तळहात पाटीवर टेके आणि नकाशाच्या मधून लाल रेघा धावत. दोघींनी सेटिंग शोधली, सापडली नाही. काका उठले, पिशवीतून रुमाल काढला, चार घड्या करून तळहाताखाली ठेवला आणि लिहू लागले. रेघा थांबल्या. ट्रेसिंगवर घाम लागून शाई पसरू नये म्हणून ते पूर्वी हेच करत. त्यांना यात काही सांगण्यासारखे वाटले नाही. विचारले म्हणून सांगितले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर ढग उमटला. लहान, घट्ट फुग्यांचा. दोघींनी एकमेकींकडे पाहिले. एक म्हणाली, किरकोळ आहे, आणि चहा वेळेवर झाला.

मी सरांसाठी अर्ध्या पानाचे टिपण केले. बातमीत निष्कर्ष पहिल्या वाक्यात असतो, तसा इथेही घातला: चार नंबर घ्यावे आणि तपासणी डहाणूतच ठेवावी. खाली कारणे. वेवजीचे प्रकरण चार ओळींत. टिपणाची पीडीएफ सरांना आणि काकांना एकाच वेळी पाठवली.

सरांनी वाचून केबिनमध्ये बोलावले. त्यांना कारणे पटली होती. शंका एकच होती. चार दिवस पाटीवर हौसेने लिहिणे वेगळे आणि रोज दहा नकाशे वेळेत तपासणे वेगळे. काकांना हे खरेच जमेल का, याची मी हमी देते का, असे त्यांनी विचारले. मी हमी देत नाही, बातमीत कोणी देत नाही, असे काहीतरी मी म्हणत होते, तेवढ्यात त्यांच्या संगणकावर फाइल आली. माझेच टिपण होते. त्यावर लाल ढग होता, वर्षभरात पाहिला नव्हता एवढा मोठा, फुगे मोठे आणि घाईचे. वेवजीच्या चार ओळींत मी कोठीचे दार अडीच मीटरचे केले होते. शेरा काकांच्या अक्षरात होता: या दारातून कणगी काय, बैलगाडी जाईल.

प्लायवूडच्या पलीकडून ब्लेडने पेन्सिलीला टोक केल्याचा आवाज येत होता.

सरांनी ढग पाहिला, शेरा वाचला, माझ्याकडे पाहिले. टिपण पाठवून किती वेळ झाला ते त्यांनी विचारले. सात मिनिटे. मग त्यांनी खणातून वापीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर चार नंबरच्या मागणीपत्राचा मजकूर लिहून दिला. कागद वाया जाऊ देत नाहीत ते.

अकरा वर्षांत माझ्या मजकुरात मापाची चूक छापून गेली नव्हती. हे मी बाहेर येऊन काकांना सांगितले. ते म्हणाले, गेली असेल, ढग काढणारे कोणी नसेल.

वेवजीचे घर पुरे व्हायला पुढे दीड महिना लागला. काम झाल्यावर जसे बांधले तसा नकाशा काढून ठेवावा लागतो. तो काकांकडे तपासणीला आला. त्यांनी दारे, खिडक्या, जोत्याची उंची पाहिली, हिरव्या रंगात बरोबरची खूण केली आणि कोठीच्या खोलीत एक वर्तुळ काढले. व्यास चार फूट. आत लिहिले: कणगी.

सरांनी ते वर्तुळ पाहून काकांना बोलावले. त्यांचे म्हणणे नियमाला धरून होते. नकाशात बांधकाम दाखवायचे असते. खाट, कपाट, कणगी हे सामान आहे. ते दाखवायला लागलो तर प्रत्येक घरात मडकी काढावी लागतील.

“दारातून बाहेर निघत नाही ते सामान नाही, सर,” काका म्हणाले. “तिच्यासाठी भिंतीचा गिलावा थांबला आहे.”

काम संपल्यावर सर घर पाहून आले होते, तेव्हा कणगीमागची कोरी सोडलेली भिंत त्यांनी स्वतः पाहिली होती. त्यांनी नकाशावर सही केली. वर्तुळ राहिले.

पाठवायची प्रत मिस्त्रीकडे गेली. अंगठा आला नाही, फोन आला. त्याने नकाशा घरधनिणीला दाखवला होता. तिने सगळ्या खोल्या विचारून घेतल्या, वर्तुळावर बोट ठेवून हे काय म्हणून विचारले, आणि सांगितल्यावर नीट पाहून एक हरकत घेतली. मिस्त्री म्हणाला, “बेन, ती बोलते गोल लहान आहे.”

मी ते काकांना सांगितले. त्यांनी वेवजीची वही काढली. त्या दिवशी कणगीभोवती फेरी मारताना त्यांनी माप घेतले होते, पण ते वरच्या उघड्या काठाच्या विणीचे. वरचा लिंपणाचा थर धरला नव्हता. दोन्ही बाजूंचा धरला तर चार फूट तीन इंच होत होते.

त्यांनी रुमालाच्या चार घड्या केल्या, पेन उचलले आणि स्वतःच्या वर्तुळाभोवती ढग काढला. दोघी मागे येऊन उभ्या राहिल्या. फुगे इतके बारीक होते की मोजायला नकाशा मोठा करावा लागला.